जास्वंदीचा फोटो शेवटी एकदाचा शार्प आला

बाल्कनीतल्या जास्वंदीचा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो, काढायचा तर पुंकेसर शार्प आले की पाकळ्या गेल्याच, कारण १:१ ला (सेन्सरवर फूल खऱ्याएवढंच मोठं) एफ/८ अ‍ॅपर्चरवर जेमतेम एक मिलिमीटर फोकसमध्ये येतो, आणि अ‍ॅपर्चर बारीक, एफ/२२ करून पाहिलं तर डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो) सगळंच मऊ. म्हणून फोकस स्टॅकिंग, म्हणजे फोकस थोडा थोडा पुढे सरकवत २५-३० फ्रेम काढायच्या आणि सॉफ्टवेअरमध्ये जोडायच्या. पण माझ्या प्रत्येक स्टॅकमध्ये कडांना भुतासारखी दुहेरी रेघ यायची!

आधी लेन्सवर संशय घेतला, उगाच. खरा चोर वारा, त्यात आमची बिल्डिंग रुळाला लागून, लोकल गेली की ट्रायपॉडसकट सगळं थरथरतं. मग फूल देठासकट कापून घरात आणलं, बाटलीत ठेवून देठाला कपड्यांचा चिमटा लावला, पंखा बंद (मे महिन्यात मुंबईत पंखा बंद, घरच्यांनी काय काय ऐकवलं ते सोडा), २ सेकंदांचा टायमर, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअल, आणि लोकल गेल्यावरच सुरुवात.

तरी पुंकेसरांभोवती हेलो, म्हणजे धूसर झालर, राहिलाच. झेरीन स्टॅकर या स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डीमॅपऐवजी पीमॅक्स ही फ्रेम जोडायची दुसरी पद्धत वापरली तेव्हा एकमेकांवर आलेले तंतू नीट सुटे दिसले, पण पाकळ्यांवर नॉइज (दाणेदारपणा) वाढला, म्हणून पाकळ्या डीमॅपच्या ठेवून फक्त पुंकेसर पीमॅक्समधून रिटच केले. आणि हो, जास्वंद दिवसभरात मिटते, सकाळीच उरका.