जुन्या स्लॉट कार: दुरुस्ती आणि घरातली शर्यत

ट्रॅकच्या खाचेत अडकून धावणारी, खाचेच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या पट्ट्यांमधून वीज घेणारी आणि हातातल्या कंट्रोलरने वेग कमी-जास्त करता येणारी छोटी मोटार म्हणजे स्लॉट कार. ब्रिटनमध्ये 1957 साली आलेल्या स्केलेक्स्ट्रिक या ब्रँडने हा खेळ घरोघरी नेला, तर अमेरिकेत 1960 साली ऑरोरा कंपनीने त्याहून लहान गाड्या आणल्या. घरातल्या सर्वांनी मिळून हा छंद सुरू करायचा असेल, तर ऑरोराची 1963 पासूनची ‘थंडरजेट’ ही गाडी मी सर्वांत आधी सुचवेन. पुढे 1970च्या दशकात गाडीला ट्रॅककडे खेचून धरणारी चुंबके आली आणि वेग बराच वाढला. थंडरजेटला असा आधार नसल्यामुळे ती वळणावर मागून घसरते आणि तिला सांभाळायला खरोखर कौशल्य लागते. शिवाय तिचा वेग बेताचा असल्यामुळे लहान मूलही मोठ्यांच्या बरोबरीने शर्यतीत टिकते.

जुनी गाडी घेताना रंगापेक्षा तिची खालची बाजू पाहावी. बॉडी आणि चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा) जोडणाऱ्या स्क्रूंचे प्लास्टिकचे खांब तडकलेले नसावेत, आर्मेचरची (मोटरच्या फिरणाऱ्या भागाची) तार तुटलेली नसावी आणि मागचा आस वाकलेला नसावा. टायर कडक झालेले असले तरी हरकत नाही, कारण ते बदलता येतात. एक खबरदारी मात्र घ्यावी: ऑरोराच्या अगदी पहिल्या गाड्या एसी (दिशा सतत बदलणाऱ्या) विजेवर चालत, त्यामुळे त्या थंडरजेटच्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) ट्रॅकवर ठेवून ‘मोटर बंद आहे’ असा निष्कर्ष काढू नये.

गाडी उघडण्यासाठी पांढरे कापड पसरावे, म्हणजे बारीक भाग हरवत नाहीत. स्क्रू काढून बॉडी बाजूला ठेवावी आणि गिअरची वरची पट्टी धरून ठेवणारी क्लिप हलक्या हाताने सोडवावी. पट्टी उचलली की तिच्यासोबत आर्मेचरही वर येते आणि त्याच्या खालच्या सपाट अंगावर तांब्याचे तीन तुकडे दिसतात. हा कम्युटेटर, म्हणजे आर्मेचरला वीज देणारा भाग. त्यावर काळा थर साचलेला असतो आणि बंद वाटणारी गाडी पुष्कळदा एवढ्याच कारणाने अडलेली असते. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन तो तांबे चकाकेपर्यंत पुसावा. तुकड्यांमधल्या फटींत भरलेली कार्बनची पूड लाकडी दातकोरणीने काढावी, कारण ती तशीच राहिली तर शेजारचे तुकडे विजेने जोडले जातात आणि मोटर गरम होते. चेसिसमधले, कम्युटेटरला टेकून वीज पोहोचवणारे दोन कार्बन ब्रश आपापल्या घरात सहज वरखाली होतात का, हेही पाहावे. मोटर फिरवणारी दोन चुंबके काढण्यापूर्वी कोणते पुढचे, कोणते मागचे आणि त्यांची कोणती बाजू आर्मेचरकडे आहे याची खूण करावी. दोघांची अदलाबदल झाली तर गाडी उलटी धावते आणि एकच उलटे बसले तर मोटर नीट फिरतच नाही. मुलांना हे मुद्दाम करून दाखवावे. चुंबक आणि वीज यांचे नाते त्यांना असे हातात घेऊन समजते.

जोडणी झाली की आसाच्या टोकांना आणि आर्मेचरच्या दांड्याला सुईच्या टोकावर मावेल इतकेच पातळ तेल द्यावे. जास्त झालेले तेल कम्युटेटरपर्यंत पोहोचते आणि केलेली सफाई वाया जाते. बॉडी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावी. गरम पाण्याने जुने प्लास्टिक वाकते. स्क्रू बोटांनी घट्ट होतील एवढेच आवळावेत.

ट्रॅकच्या पट्ट्या गंजल्या असतील तर खरखरीत खोडरबराने घासून कापडाने पुसाव्यात. लोखंडी घासणी वापरू नये, कारण तिचे तंतू मोटरच्या चुंबकांना चिकटून बसतात. गाडी एकाच जागी अडखळत असेल तर दोष तिथल्या सांध्यात शोधावा. जुना ट्रान्सफॉर्मर कितीही सुंदर दिसत असला तरी त्याच्या वायरचे आवरण भेगाळलेले असेल तर तो वापरू नये. योग्य व्होल्टेजचा नवा डीसी पुरवठा घ्यावा. गाडी आणि कंट्रोलर यांचाही मेळ हवा: थंडरजेटला साधारण 90 ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचे माप) कंट्रोलर मानवतो, त्याहून फार कमी ओहमचा असला तर दट्ट्या किंचित दाबताच गाडी उसळते.

शर्यतीत प्रत्येकाने प्रत्येक लेनवर सारखाच वेळ गाडी चालवावी, कारण आतल्या आणि बाहेरच्या लेनची वळणे वेगळी असतात. मिनिटांची मर्यादा ठेवून फेऱ्या मोजणे हे ‘पहिला कोण’ यापेक्षा न्याय्य ठरते. ज्याची पाळी नसेल त्याने वळणापाशी उभे राहून सुटलेल्या गाड्या पुन्हा खाचेत बसवाव्यात. हे काम जबाबदारीचे असते आणि मुले ते मन लावून करतात. वयातला फरक भरून काढण्यासाठी लहानांना जास्त घसरणाऱ्या गाड्या देऊ नयेत, उलट सर्वांत नीट चालणारी गाडी त्यांच्या हाती द्यावी. अगदी लहान बाळाला मात्र सुटी चुंबके आणि स्क्रू मिळणार नाहीत अशी व्यवस्था हवी, कारण गिळलेली चुंबके आतड्याला इजा करतात.

शर्यत संपल्यावर टायरवरची धूळ पुसून गाड्या अशा ठेवाव्यात की चाके अधांतरी राहतील. भार टायरवर राहिला तर रबर एका बाजूने चपटे होते आणि पुढच्या वेळी गाडी सरळ रेषेतही उड्या मारते.