रायफलचा फॅक्टरी ट्रिगर घरी स्मूथ करायचाय? आधी स्प्रिंगला हात लावू नका

नवीन रायफलचा ट्रिगर जड लागतो म्हणून लोक थेट स्प्रिंग कापायला नाहीतर सिअरवर (ट्रिगर ओढेपर्यंत फायरिंग पिन अडवून धरणारा भाग) पॉलिश पेपर घासायला निघतात. पण बोटाला जो जडपणा जाणवतो तो बऱ्याचदा वजनाचा नसतोच, खरखर आणि क्रीपचा असतो, म्हणजे सुटायच्या आधी ट्रिगर जो अडखळत सरकतो ना, तो. दीड किलो ओढीचा कट्कन सुटणारा ट्रिगर रखडत येणाऱ्या एक किलोवाल्यापेक्षा कधीही बरा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) ३०० मीटर स्टँडर्ड रायफलमध्ये कमीत कमी १५०० ग्रॅमची अटच आहे आणि त्यावरही लोक मधला दहा गुणांचा नेम मारतातच की.

हे सगळं बोल्ट अॅक्शनबद्दल आहे, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे करावी लागते त्या रायफलबद्दल. रायफल रिकामी करा, चेंबर डोळ्याने बघा, बोट घालूनही बघा, गोळ्या दुसऱ्या खोलीत. मग कॉक करून (बोल्ट चालवून फायरिंग पिन ताणून) ट्रिगर गेजने ओढ मोजा, ट्रिगरच्या मध्यावर हूक लावून सरळ मागे, पाच-सहा वेळा मोजून सरासरी लिहून ठेवा, नाहीतर नंतर फरक पडला का नुसतंच वाटतंय हे कळणार नाही.

आता बोल्ट काढा, स्टॉक सोडवा. ट्रिगरचं हाऊसिंग उघडायची गरज नाही, पिना तर काढूच नका. आत फॅक्टरीचं चिकट तेल आणि धातूचा बारीक चुरा असतो, तो लायटर फ्लुइडने धुऊन काढा (खिडकी उघडी, जवळपास आग नाही) आणि पूर्ण सुकू द्या. निम्मा फरक इथेच पडतो बऱ्याच वेळा. नंतर ड्राय ल्यूब (सुकून कोरडा थर राहणारं वंगण) अगदी थोडं. घट्ट ग्रीस भरू नका, थंडीत ते गोठतं आणि सिअर जागेवर परत येत नाही, मग बोल्ट लावतानाच गोळी सुटू शकते.

यानंतर बोल्ट परत लावून ड्राय फायर, म्हणजे गोळीशिवाय ट्रिगर ओढणं. घासून घासून पृष्ठभाग एकमेकांवर बसतात, फुकटचं पॉलिश. सेंटरफायरला (पिन काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर मारणारी) बहुतेक चालतं, रिमफायरला (पिन बुडाच्या कडेवर मारणारी) मॅन्युअल बघून किंवा स्नॅप कॅप, म्हणजे नकली काडतूस, घालूनच, कारण फायरिंग पिन चेंबरच्या काठावर आपटते. स्प्रिंगवाल्या एअर रायफलला मात्र अजिबात नाही, पिस्टनची वाट लागते.

एवढ्यावर समाधान नसेल तरच स्क्रू. मॅन्युअलमध्ये ओढीच्या वजनाचा स्क्रू कुठला ते बघा आणि तेवढाच, पाव-पाव फेरा. सिअर एंगेजमेंटचा (सिअर किती अडकतो ते ठरवणारा) स्क्रू सीलबंद असेल तर तो कारणाने सीलबंद आहे. ओव्हरट्रॅव्हलचा, म्हणजे सुटल्यावर ट्रिगर किती मागे जातो त्याचा, स्क्रू फार आवळला तर सिअर पूर्ण सुटतच नाही. स्क्रू लॉक करायला लॉकटाइट (आटे चिकटवणारा गोंद) लावाल तर आट्यांवर कणभर, कारण २०१४ मध्ये रेमिंग्टनने मॉडेल ७०० चे एक्स-मार्क प्रो ट्रिगर परत मागवले ते जुळणीत जास्त लागलेल्या बाँडिंग एजंटमुळेच, न ओढता गोळी सुटायचा धोका होता. फॅक्टरीत हे होऊ शकतं तर आपल्या टेबलावर का नाही?

आणि सिअरला दगड लावायचा मोह आवराच. त्याचा कडक केलेला थर बऱ्याचदा पातळ असतो, तो गेला की आतला मऊ धातू झिजत राहतो, आज मस्त वाटणारा ट्रिगर काही शे राउंडनंतर आपोआप सुटायला लागतो. सिअर बदलायचाच असेल तर तयार ट्रिगर घ्या, स्वस्तात पडेल.

स्क्रूच्या प्रत्येक फेऱ्यानंतर बोल्ट-स्टॉक लावलेल्या रिकाम्या रायफलवर टेस्ट: बोल्ट जोरात आपटून बंद करा, कॉक करून रबरी हातोडीने सगळ्या बाजूंनी ठोका, बट मॅटवर फूटभर उंचीवरून आपटा, सेफ्टी लावून ट्रिगर जोरात ओढा, सोडा आणि मग सेफ्टी काढा. कुठेही, एकदा जरी फायरिंग पिन आपोआप सुटली तरी स्क्रू मूळ जागी, आणि तरीही सुटत असेल तर गनस्मिथकडे. सगळं पास झालं की अॅक्शन स्क्रू (स्टॉकला रायफल धरून ठेवणारे) मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा, आणि रेंजवर सुरुवातीला मॅगझिन न भरता एकेकच गोळी, नळी टारगेटकडेच.