चेनसॉ घरी दुरुस्त करताय? पार्ट मागवण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात फांद्या उतरवायची वेळ आली की वर्षभर पडवीत पडलेला कटर बाहेर निघतो आणि दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, तरी इंजिन धरत नाही. मग कुणीतरी सांगतं, कार्बुरेटर गेलं. नवं कार्बुरेटर येतं, बसवलं जातं आणि मशीन तसंच मुकं राहतं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. माड-पोफळी वाटेवर आडव्या पडल्या, तेव्हा वाडीत एक तरी चालू कटर असणं म्हणजे काय हे कोकणात सगळ्यांनी पाहिलं. त्यामुळे कळकळीनं सांगतो: आधी बिघाडाचं कारण शोधा, मग पार्ट घ्या.

न तपासता कार्बुरेटर बदलणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. सुरुवात प्लगपासून करा. दहा-बारा वेळा दोरी ओढून प्लग काढा आणि टोक बघा. कोरडं असेल तर पेट्रोल वर पोचत नाही. ओलं असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगी नाही किंवा चोक जास्त वेळ ओढून इंजिन तुंबलंय. ठिणगी बघताना प्लगचं लोखंड सिलिंडरच्या अंगाला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. ठिणगी नसेल तर लगेच कॉइल (ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग) मागवू नका. बंद करायच्या बटणाची वायर कॉइलपासून सोडवून पुन्हा बघा. पुष्कळदा तीच कुठेतरी घासून बॉडीला टेकलेली असते. कॉइल आणि फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारं चुंबक असलेलं चाक) यांमधलं अंतर साधारण ०.३ मिमी हवं. जाडसर व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून स्क्रू आवळले तरी काम होतं.

प्लग कोरडा असेल तर टाकीतला फिल्टर आणि पेट्रोलची नळी बघा. आता पंपावर २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि महिनोन् महिने टाकीत राहिलं तर स्वस्त नळी चिकट होते, मग तडकते. नळी वाकवून बघितल्याशिवाय ती चीर दिसत नाही. कार्बुरेटरमधला डायफ्राम, म्हणजे पातळ पडदा, मऊ असला पाहिजे. बोटानं दाबल्यावर कागदासारखा कडकडला तर फक्त डायफ्राम किट घ्या, अख्खं कार्बुरेटर नको. किट मागताना कार्बुरेटरच्या अंगावर कोरलेला नंबर सांगा. उघडताना प्रत्येक थराचा फोटो काढा. बहुतेक मशिनांत एका बाजूला आधी गॅस्केट (सांध्यातला पातळ थर) मग डायफ्राम, तर दुसऱ्या बाजूला बरोबर उलटा क्रम असतो. आणि बारीक भोकांत तार घालू नका. क्लीनरचा फवारा आणि हवा पुरेशी आहे.

मशीन पाच-दहा मिनिटं छान चालून बंद पडतं, थोड्या वेळानं परत चालतं, अशी तक्रार असेल तर टाकीचं झाकण सैल करून बघा. हवा सूं करत आत गेली आणि मशीन चालू झालं, तर टाकीचा श्वास घ्यायचा व्हॉल्व्ह तुंबलाय. इतका साधा दोष, पण यापायी चांगली कॉइल बदललेली माणसं आहेत.

ऑइल अंदाजानं ओतणं

या इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. ५०:१ म्हणजे पेट्रोलच्या लिटरला २० मिली ऑइल, २५:१ म्हणजे ४० मिली. स्टिल (Stihl) कंपनीच्या मशीनमध्ये त्यांच्याच ऑइलसाठी पहिलं माप चालतं, ५२-५८ सीसीच्या चिनी मशिनांच्या पुस्तिकेत बहुधा दुसरं असतं. मोजायचं भांडं वापरा, झाकणाचा अंदाज नको. किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट घडते: होडीच्या आउटबोर्ड इंजिनाचं टू-टी ऑइल घरात असतं, तेच कटरमध्ये जातं. ते टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं ऑइल पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. चेनसॉ हवेवर थंड होतो, त्यात तापमान खूप चढतं. डब्यावर जासो एफडी (JASO FD) असं लिहिलेलं ऑइल घ्या आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून ठेवा.

कारण न शोधता पिस्टन किट टाकणं

कार्बुरेटरवरचा एच लिहिलेला स्क्रू आत फिरवला की आवाज तिखट होतो आणि मशीन जोरात चाललंय असं वाटतं. प्रत्यक्षात पेट्रोल कमी झालेलं असतं, आणि पेट्रोलबरोबरच ऑइलही जातं. सायलेन्सर काढून आत टॉर्च मारा: पिस्टनवर उभे ओरखडे दिसले तर इंजिन तापून घासलंय. नवं पिस्टन टाकण्याआधी हवा कुठून शिरते ते शोधा. कार्बुरेटर आणि सिलिंडरमधला रबरी जोड चिरलेला असतो किंवा क्रँकचं सील गेलेलं असतं. ते तसंच ठेवलं तर नवं किटही त्याच वाटेनं जाणार.

किट घेताना स्टिकरवरच्या सीसीवर विसंबू नका. ५२ सीसीचं पिस्टन ४५ मिमीचं आणि ५८ सीसीचं ४५.२ मिमीचं असतं. डोळ्यांना फरक दिसत नाही. सिलिंडर व्हर्नियरनं मोजून घ्या.

क्लच उलटा फिरवणं

क्लचचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या दिशेनं फिरवला की सुटतो. हे माहीत नसल्यानं छिन्नी-हातोडीनं क्लचचे कान तुटतात. क्लच सोडवताना इंजिन फिरू नये म्हणून प्लगच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर तर मुळीच घालू नका, पिस्टनला भोक पडतं. स्वच्छ सुती दोरी घाला, तीही पिस्टन वर येताना सायलेन्सरकडचं तोंड बंद झाल्यावर, म्हणजे दोरी तिथे अडकत नाही. एक टोक बाहेर ठेवा.

“२२ इंची चेन द्या” एवढंच सांगणं

एवढ्यावर मिळालेली चेन बसेलच असं नाही. तीन गोष्टी लागतात: पिच, गेज आणि चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या खालच्या दात्यांची संख्या. सलग तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजून निम्मं करा, तो पिच. निम्मं ८.२५ मिमीच्या आसपास आलं तर .३२५ इंच, ९.३ आलं तर ३/८ इंच. गेज म्हणजे खालच्या दात्याची जाडी: १.३, १.५ किंवा १.६ मिमी. चिनी ५८ सीसीच्या २२ इंची पट्टीला बहुधा .३२५, १.५ मिमी, ८६ दाते लागतात. स्टिल एमएस १८०च्या १६ इंची पट्टीला ३/८ लो प्रोफाइल, १.३ मिमी, ५५ दाते. तरी आपली चेन मोजाच, कारण आधीच्या मालकानं पट्टी बदललेली असू शकते. दोन चेन झिजल्या की स्प्रॉकेटही (चेन फिरवणारं दातेरी चाक) बदला, नाहीतर तिसरी नवी चेन जुन्या खाचांवर लवकर खराब होते.

धार लावायची कानसही पिचनुसार: .३२५ला ४.८ मिमी, ३/८ लो प्रोफाइलला ४ मिमी. कट एका बाजूला वळत असेल तर डाव्या-उजव्या कापणाऱ्या दात्यांची लांबी सारखी नाही किंवा पट्टीची कड झिजली आहे. माडाचं खोड धार फार लवकर खातं, त्यामुळे माड कापायचा असेल तर कानस खिशातच ठेवा.

चेनच्या ऑइलच्या टाकीत गाडीचं जळकं ऑइल ओतायची सवय सोडा. त्यातला लोखंडी चुरा पंप खातो आणि ते ऑइल बागेच्या मातीवर, तुमच्या हातांवर उडतं. चेन कोरडी चालत असेल तर पंप मागवण्याआधी पट्टी काढा, तिचं ऑइलचं भोक भुशानं बुजलेलं असेल. पट्टी काढलीच आहे तर उलटी करून बसवा, दोन्ही कडा सारख्या झिजतात.

पार्ट कुठून, कोणता

जुना पार्ट हातात घेऊन दुकानात जाणं अजूनही सगळ्यात खात्रीचं. पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीट ही हत्यारं-मशिनरीची जुनी ठिकाणं आहेत. स्टिलसाठी पार्ट नंबर विचारा, पहिले ४ आकडे मशीनचा प्रकार सांगतात. एमएस १८०चे ११३० पासून सुरू होतात. ऑनलाइन मागवताना फोटोवर जाऊ नका, माप लिहिलेलं नसेल तर विक्रेत्याला विचारा.

नळी, फिल्टर, स्टार्टरची दोरी दुसऱ्या चांगल्या कंपनीची चालते. चेन, सील, बेअरिंग यांत पैसे वाचवू नका. चेन ब्रेकचे पार्ट फक्त अस्सल घ्या. ब्रेकची पट्टी झिजली असेल किंवा ब्रेक लावल्यावरही चेन सरकत असेल, तर ते मशीन मिस्त्रीकडून नीट होईपर्यंत चालवू नका. क्रँकचं बेअरिंग आणि सील बसवायचं कामही त्याच्याचकडे द्या, त्याला बेअरिंग ओढून काढायचा पुलर आणि प्रेस लागतो. बाकी जे घरी कराल, ते प्लगची टोपी काढून, हातमोजे घालून आणि पेट्रोलचा डबा चुलीपासून लांब ठेवून करा.