राउटर बदलायचा का? आधी केबल लावून पाहा

नेट हळू चालून राहिलं की घरातलं कोणीतरी म्हणतंच, राउटर म्हातारा झाला, नवा आणा. थांबा भाऊ, बर्डीच्या बाजारात जायच्या आधी लॅपटॉपचं वायफाय बंद करा, लॅनची केबल सरळ राउटरमध्ये खोचा आणि स्पीड टेस्ट मारा. केबलवरही प्लॅनच्या अर्धा स्पीड येत नसेल तर बहुतेक भानगड लाइनचीच, नेटवाल्याला फोन लावा. केबलवर झकास आणि मोबाइलवर रडारड, तर मग वायफायकडे बघायचं.

आता प्लॅन २०० एमबीपीएसचा आणि केबलवर आकडा दरवेळी ९४-९५ लाच अडकतो, असं होत असेल तर राउटरचा पोर्ट १०० एमबीपीएसचाच असणार. केबल आणि लॅपटॉपचा पोर्ट गिगाबिट (म्हणजे १००० एमबीपीएसचा) आहे ना तेवढं आधी बघा, ते ठीक असेल तर सरळ गिगाबिट पोर्टवाला राउटर घ्या, सेटिंगमध्ये कितीही खुडबुड केली तरी हा आकडा हलत नाही.

आपल्या नागपूरचा खास प्रॉब्लेम म्हणजे उन्हाळा. बऱ्याच घरगुती राउटरच्या कागदावर चालायचं तापमान ० ते ४० डिग्री लिहिलेलं असतं, आणि इथं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात लोक राउटर टीव्हीच्या बंद कपाटात सेटटॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवतात. दुपारी नेट तुटतं आणि रात्री मस्त चालतं, असं असेल तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा. दुसरा गुन्हेगार कूलर! पत्र्याची बॉडी, टाकीभर पाणी, ओल्या खसच्या ताट्या, आणि राउटर त्याच्याच मागच्या कोपऱ्यात. पत्रा सिग्नल अडवतो, पाणी शोषून घेतं. जागा बदला, फुकटात काम होतं.

अडॅप्टरही बघा. राउटर आपोआप रीस्टार्ट होत असेल तर तेवढाच बदलून पाहा, व्होल्ट आणि पिन तीच हवी, अँपिअर तितकेच किंवा जास्त.

एवढं करूनही जमलं नाही तर मग खर्च करा. राउटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवाला असेल आणि तुम्ही मनीषनगरसारख्या फ्लॅट स्कीममध्ये राहत असाल तर ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हीवाला) घ्याच, कारण २.४ मध्ये एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि शेजारी मात्र वीस. कंपनीनं सिक्युरिटी अपडेट बंद केले असतील तरी बदला, ह्यात कंजूसी नको. वायफाय ६ चं म्हणाल तर घरात बरीच डिव्हाइसं असतील आणि फोन वायफाय ६ चे असतील तर फरक दिसतो, नाहीतर चांगला वायफाय ५ पुरतो.

महालातल्या जुन्या वाड्यात राहणाऱ्यांनी मात्र महागड्या राउटरच्या नादी लागू नये. त्या जाडजूड भिंतींपुढे पाच गिगाहर्ट्झ हात टेकतं, अँटेना चार असोत की आठ. मागच्या खोलीपर्यंत केबल ओढा आणि तिथं जुनाच राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलवरून आलेलं नेट वायफायनं पसरवणारा) करून लावा. त्यात डीएचसीपी (डिव्हाइसांना आपोआप आयपी अ‍ॅड्रेस वाटणारी सेटिंग) बंद करायचं, आयपी अ‍ॅड्रेस मेन राउटरपेक्षा वेगळा द्यायचा, आणि केबल वॅनमध्ये (बाहेरचं नेट जिथं लावतात तो पोर्ट) नाही, लॅनच्या पोर्टमध्ये लावायची.