शेवंती वाढवताना बी घ्यावे की काश्या?

शेवंतीचा बहर ओसरू लागला की वाळलेल्या फुलांतले बी वेचून ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु यंदाचेच फूल पुढच्या हिवाळ्यातही हवे असेल, तर त्या बियांवर विसंबू नये. बहुतेक बागायती वाणांत स्वतःच्या परागाने बी धरत नाही, आणि ही वाणे मुळातच संकरातून आलेली असल्यामुळे एकाच फुलाच्या बियांतून निघालेली रोपे रंगाने, आकाराने व उंचीने वेगवेगळी होतात. गच्च भरलेल्या फुलांत तर बी मिळणेच कठीण, कारण मधल्या चकतीतील पराग देणारी बारीक फुले त्यांत फारच थोडी असतात. बिजली ही हंगामी शेवंती वेगळी. ती दरवर्षी बियांपासूनच लावतात.

फुले संपताच, साधारण जानेवारीत, झाड जमिनीपासून 10 ते 15 सेंटीमीटरवर छाटावे. बुडाशी जे कोवळे फुटवे येतात त्याच काश्या होत. फेब्रुवारीत झाड उकरून त्या मुळ्यांसकट वेगळ्या कराव्यात आणि मधला जुना, लाकडासारखा झालेला बुंधा टाकून द्यावा. पानांवर डाग पडलेल्या किंवा खुरटलेल्या झाडाच्या काश्या मात्र घेऊ नयेत, कारण त्यांच्यासोबत रोगही नव्या कुंडीत येतो.

नागपुरात खरी कसोटी यानंतर लागते. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, म्हणून काश्या थेट वाफ्यात न लावता कुंड्यांत लावून, सकाळचे कोवळे ऊन मिळेल पण दुपारी हिरव्या जाळीची सावली राहील, अशा जागी ठेवाव्यात. नुसती काळी माती वापरू नये. तीत वाळू आणि कुजलेले शेणखत सढळ हाताने मिसळावे. उन्हाच्या धास्तीने आपण पाणी घालत राहतो, आणि माझ्या पाहण्यात उन्हापेक्षा बुडाशी तुंबलेल्या पाण्यानेच अधिक रोपे गेली आहेत. पाऊस स्थिरावल्यावर, जुलैत, ही रोपे वाफ्यात हलवावीत. रोपे कमी पडत असतील, तर शेंड्यांचे 5 ते 7 सेंटीमीटरचे तुकडे ओल्या वाळूत खोचावेत. दोन-तीन आठवड्यांत त्यांना मुळे फुटतात. लावणीनंतर महिनाभराने शेंडा खुडला की झाड डेरेदार होते.

रात्री रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड ज्या कोपऱ्यात पडतो तो मात्र टाळावा, कारण दिवस लहान आणि रात्र अखंड काळोखी झाल्यावरच शेवंती कळ्या धरते.

नवे रंग पाहण्याची हौस असेल, तर फेब्रुवारीतच थोडे बी पसरट कुंडीत पेरून वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. एक-दोन आठवड्यांत रोपे दिसतात, पण त्या नाजूक रोपांनाही तोच उन्हाळा काढायचा असल्याने काही गळणार हे धरूनच चालावे. जी तगतात ती हिवाळ्यात फुलतात. त्यांतले एखादे फूल मनात भरलेच, तर त्या झाडाला खूण बांधून ठेवावी आणि पुढे ते काश्यांपासूनच वाढवावे.