रीपरची नवी आवृत्ती घेताना: जुनी गाणी सांभाळून अपग्रेड कसे करावे

घरच्या एखाद्या खोलीत गोधड्या टांगून ध्वनिमुद्रण करणारे गायक, तबलजी आणि संगीत संयोजक रीपर या ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरला वर्षानुवर्षे धरून राहतात. केवळ स्वस्त आहे म्हणून कोणी एखाद्या साधनाशी इतकी वर्षे एकनिष्ठ राहत नाही. दहा वर्षांपूर्वी मुद्रित केलेला प्रोजेक्ट आजच्या आवृत्तीत उघडतो, जुने टेक, म्हणजे एकेका वेळी केलेली मुद्रणे, जिथे होते तिथे सापडतात आणि दरवर्षी खिशात हात घालावा लागत नाही, या अनुभवातून हा विश्वास तयार झालेला आहे. हा विश्वास टिकवायचा तर अपग्रेड करतानाची शिस्त मात्र आपली आपणच पाळावी लागते. ती शिस्त कशी असावी, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

आधी आपल्या लायसन्सचा हिशेब समजून घ्यावा

विनॅम्प हा एके काळी घराघरांतील संगणकांवर असलेला गाण्यांचा प्लेअर लिहिणारे जस्टिन फ्रँकेल यांनी २००५च्या अखेरीस रीपर लोकांसमोर आणले. त्यांच्या कॉकोस या छोट्या कंपनीने तेव्हापासून एक साधे धोरण राखले आहे. सॉफ्टवेअर एकच, त्यात कोणतीही सोय कापलेली नाही आणि लायसन्सचे प्रकार फक्त दोन. वैयक्तिक वापरासाठी, शिक्षणसंस्था व ना-नफा संस्थांसाठी, तसेच ज्यांची व्यवसायातील वार्षिक ढोबळ मिळकत २०,००० अमेरिकी डॉलरपेक्षा जास्त नाही त्यांच्यासाठी सवलतीचे लायसन्स ६० डॉलरना मिळते. बाकीच्यांसाठी ते २२५ डॉलरना आहे. घेतलेले लायसन्स चालू आवृत्तीपुरते नसून पुढच्या संपूर्ण आवृत्तीलाही लागू होते. आज सातव्या आवृत्तीत लायसन्स घेणाऱ्याला ८.९९ पर्यंतचे सर्व अपडेट विनामूल्य मिळतात.

याचा प्रत्यक्ष अर्थ काय, ते एका उदाहरणावरून लक्षात येईल. पाचवी आवृत्ती ऑगस्ट २०१५मध्ये आली, सहावी डिसेंबर २०१९मध्ये आणि सातवी ऑक्टोबर २०२३मध्ये. ज्याने पाचवी आवृत्ती येताच सवलतीचे लायसन्स घेतले, त्याला सहाव्या आवृत्तीच्या शेवटापर्यंत, म्हणजे आठ वर्षांहून अधिक काळ, नव्याने काही भरावे लागले नाही. ६० डॉलरना आठने भागले तर वर्षाला साडेसात डॉलर पडतात. शिवाय मुदत संपली म्हणून जुनी आवृत्ती बंद पडत नाही. ज्या आवृत्तीपर्यंत हक्क आहे, ती आवृत्ती हवी तितकी वर्षे वापरता येते. त्यामुळे अपग्रेडची घाई करण्याचे आर्थिक कारण कधीच नसते, आणि ही गोष्ट पुढचे सर्व निर्णय घेताना ध्यानात ठेवावी.

६० दिवसांची चाचणी संपल्यावरही सॉफ्टवेअर उघडते आणि सुरुवातीला थोडा वेळ लायसन्स घेण्याची आठवण करून देते. अनेकजण तेवढ्यावर वर्षे काढतात. मला हे योग्य वाटत नाही. ज्या साधनावर आपण बिदागी कमावतो, त्याच्या कर्त्यांनी कोणतेही कुलूप न लावता आपल्यावर विश्वास ठेवला असेल, तर पहिल्या मोबदल्यातून ते लायसन्स घ्यावे. भारतातून पैसे भरताना कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असणे आवश्यक असते आणि बँक परकीय चलनाच्या व्यवहारावर स्वतःचे शुल्क आकारते, एवढे लक्षात घ्यावे. मिळालेली की फाइल (लायसन्सची छोटी फाइल) स्वतःलाच ईमेल करून ठेवावी. एकच लायसन्स आपल्या एकाहून अधिक संगणकांवर चालते. अट एवढीच की एका वेळी एकाच संगणकावर काम सुरू असावे.

अपडेट केव्हा करावे आणि केव्हा टाळावे

रीपरचे छोटे अपडेट वारंवार येतात. प्रत्येकाबरोबर काय बदलले याची यादी दिलेली असते, आणि ती वाचण्यासाठी पाच मिनिटे काढावीत. आपण वापरत असलेल्या गोष्टीतील दोष दुरुस्त झाला असेल तर अपडेट घ्यावे. नसेल तर थांबल्याने काहीही बिघडत नाही. प्रेफरन्सेसमधील जनरल या पानावर, सुरू होताना नवी आवृत्ती आपोआप तपासण्याचा पर्याय असतो. काम सुरू असताना मोह होऊ नये म्हणून मी तो बंद ठेवतो.

हे अनुभवातून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी एका भजनी मंडळाच्या आठ अभंगांचे मिक्सिंग निम्म्यावर असताना मी एका रात्री नवी आवृत्ती घेतली आणि त्याच दमात ३२ बिटवरून ६४ बिटच्या रीपरवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या जुन्या घडणीवरून नव्या घडणीवर, गेलो. सकाळी प्रोजेक्ट उघडला तेव्हा पखवाजावर लावलेला एक जुना मोफत प्लगिन (आवाजावर संस्कार करणारे जोड-सॉफ्टवेअर) सुरूच होईना, कारण तो ३२ बिटचाच होता आणि त्याच्या कर्त्याने तो पुढे सांभाळलेला नव्हता. पखवाजाचा तो आवाज दुसऱ्या साधनांनी जुळवण्यात माझे तीन दिवस गेले आणि मंडळाला थांबावे लागले. दोन बदल एकाच वेळी केल्यामुळे दोष नेमका कशात आहे, हे शोधण्यातच पहिला दिवस गेला होता. तेव्हापासून हातातील काम ग्राहकाच्या स्वाधीन होईपर्यंत आवृत्ती बदलायची नाही आणि एका वेळी एकच बदल करायचा, हे दोन नियम मी मोडलेले नाहीत.

जुनी आवृत्ती न हलवता नवी शेजारी बसवावी

मोठी आवृत्ती घेताना सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे पोर्टेबल इन्स्टॉल. विंडोजमध्ये इन्स्टॉलर चालवताना हा पर्याय निवडून डी ड्राइव्हवर एखादे वेगळे फोल्डर द्यावे. मॅकवर वेगळ्या फोल्डरमध्ये रीपरचे ॲप ठेवून त्याच्या शेजारी रीपर-डॉट-आयएनआय या नावाची रिकामी फाइल ठेवली की तेच काम होते. अशा प्रकारे बसवलेली नवी आवृत्ती आपली सर्व सेटिंग त्याच फोल्डरमध्ये ठेवते आणि जुन्या आवृत्तीला हातही लावत नाही. विंडोजचा इन्स्टॉलर २० मेगाबाइटपेक्षाही लहान असल्याने जागेचा प्रश्न येत नाही.

त्याआधी जुन्या आवृत्तीची सेटिंग सुरक्षित करावीत. ऑप्शन्स मेनूमध्ये रिसोर्स पाथ दाखवणारी ओळ आहे. तिच्यावर क्लिक केल्यावर जे फोल्डर उघडते, त्यात आपली थीम, कीबोर्डचे शॉर्टकट, ट्रॅक टेम्प्लेट, इफेक्ट चेन असे सगळे असते. रीपर बंद करून ते फोल्डर जसेच्या तसे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे. प्रेफरन्सेसमधून कॉन्फिगरेशन एक्स्पोर्ट करण्याचीही सोय आहे आणि ती एक्स्पोर्ट केलेली फाइल नव्या आवृत्तीत आयात करता येते. पोर्टेबल आवृत्ती कोरी असते, त्यामुळे तिथे लायसन्सची की पुन्हा द्यावी लागते, प्लगिनची फोल्डरे दाखवून पुन्हा स्कॅन करावे लागते आणि एसडब्ल्यूएससारखे, रीपरला जादा सोयी जोडणारे एक्स्टेन्शन वापरत असल्यास तेही वेगळे बसवावे लागते. या कामाला एक दुपार पुरते.

प्रत्यक्ष पारख

आता जुने तीन प्रोजेक्ट निवडावेत. एक गायनाचा, एक भरपूर वाद्यांचा आणि एक ज्यात सर्वांत जास्त बाहेरचे प्लगिन आहेत असा. ते नव्या आवृत्तीत उघडून लगेच वेगळ्या नावाने सेव्ह करावेत. हे नाव बदलणे अत्यंत महत्त्वाचे आहे, कारण जुना प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत उघडणे जितके निर्धोक आहे तितका उलटा प्रवास नाही. नव्या सोयी वापरून सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीला पूर्णपणे समजेलच असे नाही.

केवळ ऐकून दोन्ही मिक्स सारखे आहेत असे ठरवू नये, कारण कान फसतात. त्यापेक्षा तोच प्रोजेक्ट दोन्ही आवृत्त्यांतून एकाच सॅम्पल रेटला २४ बिट वेव्ह म्हणून, डिदर (रेंडर करताना मिसळला जाणारा सूक्ष्म गोंगाट) बंद ठेवून रेंडर करावा, म्हणजे त्याची अंतिम ध्वनिफाइल काढावी. एका रिकाम्या प्रोजेक्टमध्ये दोन्ही फाइली दोन ट्रॅकवर अगदी एकाच बिंदूपासून लावाव्यात आणि एका ट्रॅकवरील फेज, म्हणजे ध्वनिलहरीची दिशा, उलटवण्याचे बटण दाबून दोन्ही एकत्र वाजवावेत. दोन्ही रेंडर तंतोतंत सारखे असतील तर एकमेकांना छेदून पूर्ण शांतता पसरते आणि मास्टरचा मीटर तळालाच राहतो. एखादा आवाज मागे उरला, उदाहरणार्थ नुसती गायकाच्या आवाजाची पुसट सावली ऐकू आली, तर फरक गायकाच्या ट्रॅकवर आहे हे कळते. मग त्या ट्रॅकवरील प्लगिन एकेक करून बंद करीत मूळ दोषापर्यंत पोहोचता येते. कोरस आणि काही रिव्हर्ब दरवेळी किंचित वेगळे वाजतात, तेव्हा त्यांची चाचणी त्यांना बंद ठेवूनच घ्यावी.

तीनही प्रोजेक्ट या पारखीला उतरले की पुढचे नवे काम नव्या आवृत्तीत सुरू करावे. सुरू असलेली कामे मात्र जुन्यातच पूर्ण करावीत.

सातव्या आवृत्तीत आपल्या कामाचे काय आहे

नव्या सोयींची यादी लांब आहे, पण गायकांबरोबर काम करणाऱ्यांसाठी एकच गोष्ट पुरेशी आहे, ती म्हणजे ट्रॅकमधील लेन. गायिका एकच अंतरा पाच वेळा गाते. कधी दुसऱ्या टेकमधील मुरकी सुंदर लागते, तर चौथ्या टेकमध्ये समेवर येणे अधिक नेमके असते. प्रत्येक टेक आता एकाच ट्रॅकमध्ये स्वतःच्या लेनवर उभा राहतो आणि जो तुकडा हवा, त्यावर माऊस ओढला की तो अंतिम गायनात जातो. आधीच्या आवृत्त्यांतही टेक एकावर एक ठेवता येत होते, परंतु त्यांचे तुकडे जोडण्यात हात जितका अडखळत असे, तितका आता अडखळत नाही. गायिका समोर बसलेली असताना तिच्या डोळ्यांदेखत हे करता येते आणि तिचे मत तिथल्या तिथे घेता येते, हा लाभ मला सर्वांत मोठा वाटतो.

दुसरी सोय इफेक्टच्या कंटेनरची आहे. तबला आणि डग्ग्यासाठी वर्षानुवर्षे जुळवत आणलेली इक्वलायझर व कॉम्प्रेसरची साखळी एकाच डब्यात बंद करून नव्या प्रोजेक्टमध्ये उचलून ठेवता येते. जे केवळ मुद्रण करतात आणि मिक्सिंग दुसरीकडे पाठवतात, त्यांना सहावी आवृत्तीही भरपूर पुरेशी आहे.

रीपरमध्ये वाद्यांच्या तयार आवाजांचा संग्रह जवळपास नाहीच, हेही स्पष्टपणे सांगायला हवे. त्यामुळे बीट बांधणाऱ्यांना आणि डीजे मंडळींना एफएल स्टुडिओ हे दुसरे सॉफ्टवेअर जवळचे वाटते, आणि एकदा विकत घेतल्यावर पुढील अपडेट कायम विनामूल्य देण्याचे त्याचे धोरणही निष्ठेला पात्र आहे. आपले काम कोणत्या जातीचे आहे ते पाहून साधन निवडावे.

फाइली अशा ठेवाव्यात की कोणतीही आवृत्ती अडवणार नाही

रीपरची प्रोजेक्ट फाइल साध्या मजकुराची असते, याची अनेक जुन्या वापरकर्त्यांनाही कल्पना नसते. तिची प्रत करून नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. पहिल्याच ओळीत ती कोणत्या आवृत्तीने लिहिली तो आकडा असतो, थोडे खाली लय आणि मात्रांचे आकडे असतात, मग प्रत्येक ट्रॅकचे आपण दिलेले नाव आणि त्याखाली ध्वनिफाइलचा पत्ता. जुनी डिस्क बदलल्यामुळे ई ड्राइव्हवरच्या फाइली सापडत नाहीत असा संदेश आला, तर याच प्रतीत जुना पत्ता शोधून नवा घातला की सगळे ट्रॅक एका फटक्यात पुन्हा जिवंत होतात. मी चाळीसहून अधिक ट्रॅकचा एक प्रोजेक्ट असाच परत मिळवला आहे.

तरीही ही वेळ येऊ नये हे उत्तम. त्यासाठी काम संपल्यावर सेव्ह ॲज करताना सर्व ध्वनिफाइली प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करण्याचा पर्याय निवडावा. फाइली त्याच फोल्डरमध्ये असल्या की पत्तेही त्या फोल्डरपुरतेच लिहिले जातात आणि फोल्डर कोणत्याही डिस्कवर नेले तरी प्रोजेक्ट उघडतो. त्यानंतर प्रत्येक ट्रॅक पहिल्या सेकंदापासून शेवटापर्यंत सलग, एकदा इफेक्टसह आणि एकदा इफेक्टविना, वेव्ह फाइल म्हणून रेंडर करून ठेवावा. नोव्हेंबर २०१७मध्ये गिब्सन कंपनीने केकवॉक या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरचे काम थांबवत असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यावर वर्षानुवर्षे काम केलेल्या लोकांसमोर आपल्या गाण्यांचे काय होणार हा प्रश्न एका दिवसात उभा राहिला होता. फेब्रुवारी २०१८मध्ये बँडलॅब या कंपनीने ते विकत घेऊन पुढे चालवले, पण मधले तीन महिने ज्यांच्याकडे सुट्या वेव्ह फाइली होत्या, तेच निश्चिंत होते.

त्याच फोल्डरमध्ये आणखी तीन गोष्टी ठेवाव्यात: ज्या आवृत्तीत काम झाले तिचा इन्स्टॉलर, वापरलेल्या प्लगिनची नावे व त्यांच्या आवृत्त्या लिहिलेली साधी मजकूर फाइल, आणि गाण्याची पट्टी, ताल व लय लिहिलेली एक ओळ. «काळी चार, रूपक, ८४» एवढी ओळ असली, तरी सात वर्षांनी गायक नव्या अंतऱ्यासाठी परत येईल तेव्हा तानपुरा लावण्यापासून काम लगेच सुरू करता येते.