नैवेद्य होईपर्यंत: लहान मुलांना थांबायला कसे शिकवावे

साताऱ्याच्या मोती चौकातून कंदी पेढ्यांचा पुडा घरी आला, की तीन-चार वर्षांच्या मुलाची खरी परीक्षा सुरू होते; कारण पुडा आधी देवापुढे जातो, नैवेद्य दाखवला जातो आणि मगच पेढा हातावर पडतो. मुलाला संयम शिकवण्यासाठी वेगळे वर्ग शोधण्याआधी पालकांनी घरातल्या या पाच-दहा मिनिटांकडे नीट पाहावे.

थांबणे हे बरेचसे सवयीचे काम आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जपानमधील क्योतोची मुले खाऊसाठी जास्त वेळ थांबली, तर अमेरिकेतील बोल्डरची मुले गुंडाळलेल्या भेटवस्तूसाठी. जपानी घरांत सर्वांची पाने वाढून झाल्यावरच जेवायला सुरुवात करतात आणि अमेरिकेत भेट उघडण्यासाठी वाढदिवसाची किंवा नाताळची वाट पाहावी लागते, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. तेव्हा थांबण्याचा प्रसंग रोज तोच आणि त्याच वेळी येईल, असे पाहावे.

मात्र त्याआधी आपला शब्द तपासावा. ‘आता रडू नकोस, संध्याकाळी राजवाड्यावर नेते’ असे सांगून संध्याकाळी विषयच काढायचा नाही, हे आपण सर्वजण करतो आणि मुले ते विसरत नाहीत. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाच्या एका प्रयोगात, ज्या मोठ्या माणसाने आधी चांगले रंग आणून देण्याचे कबूल करून रिकाम्या हाताने परत येऊन दाखवले, त्याच्या भरवशावर मुले जास्तीच्या खाऊसाठी सरासरी तीनच मिनिटे थांबली. शब्द पाळणाऱ्यासमोर मात्र सुमारे बारा मिनिटे. आपले मूल उतावीळ आहे असे म्हणण्यापूर्वी त्याला आपला अनुभव काय आला आहे, हे आठवून पाहावे. नेणे जमणार नसेल, तर तसे दुपारीच सांगावे आणि रडू द्यावे.

वेळ मिनिटांत सांगू नये, कारण या वयात ‘दहा मिनिटे’ याला काही अर्थ नसतो. ‘आरती संपली की’, ‘कुकरची तिसरी शिट्टी झाली की’ अशी दिसणारी किंवा ऐकू येणारी खूण द्यावी. पुडा डोळ्यांसमोर न ठेवता फळीवर ठेवावा आणि मुलाच्या हाताला काम द्यावे: फुले वेगळी करणे, घंटा वाजवणे, वाटीत साखर घेणे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी केलेल्या प्रसिद्ध प्रयोगांतही (समोरचा खाऊ लगेच न खाता थांबल्यास जास्त मिळेल, असे मुलांना सांगितले जाई) खाऊवरून लक्ष हटवणारी मुलेच अधिक काळ तग धरू शकली. (हाच प्रयोग घरी करून मुलाचे भविष्य ठरवण्याचा मोह मात्र टाळावा. २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली असता, घरची परिस्थिती विचारात घेतल्यावर या थांबण्याचा पुढील यशाशी असलेला संबंध बराच क्षीण दिसला.)

भर चौकात मुलाने लोळण घेतली, तर आधी स्वतःचा आवाज खाली आणावा. मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्व होत असतो. चार वर्षांच्या मुलाला तो आवर काही काळ पालकांकडून उसना घ्यावा लागतो आणि ओरडणाऱ्या माणसाकडे तो देण्याजोगा उरलेला नसतो. शेजारी उकिडवे बसून ‘तुला आत्ताच हवा होता, म्हणून राग आला’ एवढेच म्हणावे आणि निर्णय बदलू नये.

आजी पदराआडून अर्धा पेढा देणारच. त्यावरून मुलासमोर वाद घालू नये; उलट नैवेद्यानंतरचा पहिला पेढा आजीच्या हातून देण्याचे ठरवावे, म्हणजे लाडही होतात आणि नियमही टिकतो.

इतके करूनही मुलाने पुड्यात हात घातलाच, तर तो उष्टा पेढा त्यालाच खाऊ द्यावा, नैवेद्याला दुसरा घ्यावा आणि पुढच्या खेपेला पूर्ण आरतीऐवजी निरांजन लागेपर्यंतच थांबायला सांगावे.